मध्ययुगीन ख्रिस्ती लेखकांनी इस्लामबद्दल काय लिहिलं आणि ते वाचायचं कसं

कोल्हापुरात इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याला बखर आणि अस्सल कागद यांतला फरक वेगळा शिकवावा लागत नाही. बखर हातात आली की ती कुणी लिहिली, कुणाच्या आज्ञेवरून लिहिली, प्रसंग घडल्यावर किती वर्षांनी लिहिली हे आधी विचारायचं आणि मग मजकुराकडं वळायचं, ही आपल्याकडची जुनी शिस्त आहे. मध्ययुगीन ख्रिस्ती ग्रंथ समोर आले की मात्र ही शिस्त गळून पडते. कुठलं तरी एक वाक्य उचललं जातं आणि 'ख्रिस्ती लोक मुसलमानांना असं समजायचे' म्हणून निकाल दिला जातो. एम. ए.च्या टिपणांत हे दिसतं, स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये दिसतं, व्हॉट्सअ‍ॅपवर तर रोज दिसतं. कुणी सगळा द्वेष दाखवतो, कुणी सगळं सौहार्द दाखवतो, आणि दोघांकडंही खरी अवतरणं असतात.

सातव्या शतकापासून पंधराव्या शतकापर्यंतचा हा पसारा आहे. ग्रीक, सिरियाक, आर्मेनियन, अरबी, लॅटिन, जुनी फ्रेंच अशा कितीतरी भाषांत तो विखुरलाय. त्यातले बरेच लेखक मुसलमान राज्यकर्त्यांची प्रजा होते, तर काहींनी जन्मात मुसलमान माणूस पाहिलेला नव्हता. या सगळ्यांना एका माळेत ओवणं चूक आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की यातला कुठलाही ग्रंथ उघडताना पहिला प्रश्न 'काय लिहिलंय' हा नसावा, 'कुणी वाचावं म्हणून लिहिलंय' हा असावा. कारण इस्लामबद्दलचं हे लेखन बहुतेक वेळा मुसलमानांनी वाचावं म्हणून झालेलंच नाही. आपल्या माणसांनी धर्म सोडू नये, पराभवाचा अर्थ त्यांना लागावा, त्यांनी लढायला निघावं किंवा त्यांना लाज वाटावी, यासाठी ते लिहिलं गेलं.

अगदी सुरुवातीचा एक नमुना घ्या. जेरुसलेमचा धर्मप्रमुख सोफ्रोनियस यानं ६३४च्या नाताळात प्रवचन केलं. बेथलेहेम जेमतेम आठ-नऊ किलोमीटरवर, पण वाटेवर अरब फौजा असल्यानं तिथं जाता येत नव्हतं आणि सण जेरुसलेममध्येच करावा लागला. त्या प्रवचनात अरबांचा धर्म काय, त्यांचा ग्रंथ कोणता, याबद्दल काही सापडत नाही. संकट का आलं, तर आपल्या पापांमुळं. ते जाईल कसं, तर आपण सुधारल्यावर. एवढाच विचार त्यात आहे. पुढं चार-एक वर्षांत याच सोफ्रोनियसनं शहर खलिफा उमरच्या स्वाधीन केलं. म्हणजे इस्लामबद्दलचं पहिल्या पिढीतलं बरंचसं ख्रिस्ती लेखन खरं तर ख्रिस्ती लोकांच्या पापांबद्दलचं लेखन आहे. 'परकीय आक्रमण म्हणजे देवाची शिक्षा' हा साचा बायबलमधल्या संदेष्ट्यांपासून तयार होता, त्यात नवं नाव भरलं गेलं.

त्यानंतर पाव शतकातच माहिती येऊ लागते. सेबेओस या नावानं ओळखल्या जाणाऱ्या आर्मेनियन इतिहासात, साधारण ६६०च्या दशकात, महंमद पैगंबरांचा उल्लेख व्यापारी म्हणून आहे. त्यांनी आपल्या लोकांना अब्राहामच्या देवाकडं वळवलं. मेलेल्या जनावराचं मांस, दारू, खोटं बोलणं, व्यभिचार वर्ज्य केलं, असं तिथं सरळ नोंदवलंय. इतक्या जुन्या काळातली, इतकी मुद्देसूद नोंद बाहेरच्या माणसाकडून मिळणं दुर्मीळ. लेखकाला अरबांचं राज्य अजिबात आवडत नाही, तरीही ही माहिती तो बिघडवत नाही.

आता सौहार्दवाल्यांचं आवडतं अवतरण. पूर्वेकडच्या चर्चचा (इराक-इराणकडच्या, रोमपासून वेगळ्या असलेल्या चर्चचा) प्रमुख ईशोयाब तिसरा, कारकीर्द ६४९ ते ६५९. तो लिहितो की देवानं ज्यांना सध्या जगाचं राज्य दिलंय ते अरब आपल्या धर्माशी झगडत नाहीत; उलट आपल्या श्रद्धेची वाखाणणी करतात, पाद्र्यांचा आणि संतांचा मान ठेवतात, चर्चना आणि मठांना मदत करतात. वाक्य खरं आहे. पण ते कुठून आलंय? इराणच्या फार्स प्रांतातल्या एका वरिष्ठ धर्माधिकाऱ्याला धाडलेल्या झाडाझडतीच्या पत्रातून. ओमानकडच्या ख्रिस्ती लोकांनी धर्म सोडला होता. कारण काय, तर धर्म राखायचा तर अर्धी मालमत्ता सोडावी लागणार होती. ईशोयाबचा सवाल असा की अरब तुमच्यावर जबरदस्ती करत नाहीत, मग नुसत्या पैशासाठी तुमची माणसं गेली कशी? अरबांची स्तुती हे इथं आपल्या हाताखालच्या माणसाला धारेवर धरण्याचं हत्यार आहे. याचा अर्थ स्तुती खोटी होती असा नाही. साफ खोटं असतं तर पत्र मिळालेल्या माणसानं लगेच उलट उत्तर दिलं असतं. पण अर्ध्या मालमत्तेची अट वगळून उरलेलं वाक्य वापरणं हा बेशिस्तपणा आहे.

याच चर्चच्या प्रदेशात, त्याच सिरियाक भाषेत, ६९०च्या आसपास एक भविष्यकथन लिहिलं गेलं आणि जुन्या मेथोडियस नावाच्या बिशपच्या नावावर खपवलं गेलं. त्यात अरबांचं राज्य म्हणजे जगाच्या अंताची चाहूल आहे आणि शेवटचा रोमन सम्राट येऊन त्यांचा पाडाव करणार आहे. काळ लक्षात घ्या. खलिफा अब्द अल-मलिक गादीवर, कर वाढलेले, जेरुसलेमात घुमटाची वास्तू उभी राहिलेली. अरब राज्य चार दिवसांचं नाही हे लोकांना कळून चुकलं होतं आणि धर्मांतराची भीती होती. हा ग्रंथ आठव्या शतकातच लॅटिनमध्ये गेला आणि पुढं शतकानुशतकं पश्चिमेत त्याच्या नकला होत राहिल्या. प्रसाराच्या बाबतीत ईशोयाबचं पत्र त्याच्या जवळपासही पोचलं नाही. एखादं मत कुठं लिहिलं गेलं याच्याइतकंच ते किती हातांत पोचलं हेही पाहावं लागतं, ते यासाठी.

दमास्कसच्या जॉनवर थोडं थांबायला हवं, कारण पुढच्या बहुतेक वादांची मांडणी त्याच्याकडं पहिल्यांदा नीट दिसते. त्याचं घराणं उमय्या खलिफांच्या महसूल खात्यात होतं. पुढं तो संन्यासी झाला. मृत्यू साधारण ७४९. पाखंडांची यादी देणाऱ्या त्याच्या ग्रीक ग्रंथात इश्माएलच्या वंशजांचा, म्हणजे अरबांचा पंथ हे शंभरावं प्रकरण आहे. (जुन्या छापील आवृत्त्यांत तेच एकशे एकावं म्हणून येतं. संदर्भ शोधताना हमखास घोटाळा होतो, तेव्हा दोन्ही आकडे तपासावेत.) इस्लाम हा वेगळा धर्म आहे असं तो धरत नाही, ख्रिस्ती धर्मातूनच फुटलेली चुकीची वाट धरतो. येशूला देवाच्या बरोबरीचा न मानणाऱ्या एरियन पंथाच्या कुणा संन्याशाकडून पैगंबरांनी शिकवण घेतली, असा त्याचा दावा.

पण त्याला माहिती किती होती ते पाहा. येशूला कुराणात देवाचा शब्द आणि देवाकडून आलेला आत्मा म्हटलंय, हे त्याला ठाऊक आहे. कुमारी मातेपोटी जन्म मान्य आणि सुळावरचा मृत्यू अमान्य, हेही ठाऊक आहे. मुसलमान ख्रिस्ती लोकांवर 'तुम्ही देवाला भागीदार जोडता' असा आक्षेप घेतात, आणि त्यावर तो उलटवार करतो: शब्द आणि आत्मा हे देवापासून वेगळे काढले तर तुम्ही देवाचेच तुकडे करता. क्रूसाला नमस्कार करण्यावरून टोमणा आला की तो काबामधल्या दगडाकडं बोट दाखवतो. ही वाक्यं एखाद्या प्रत्यक्ष वादातली उत्तरं वाटतात. कुराणातल्या प्रकरणांची नावंही तो देतो: स्त्री, ताट, गाय. ही तिन्ही बरोबर आहेत. चौथं नाव देतो 'देवाची उंटीण'. अशा नावाची सूरा कुराणात नाही. सालेह पैगंबरांच्या उंटिणीची कथा मात्र वेगवेगळ्या सूरांत विखुरलेली आहे. चूक नेमकी अशी आहे की ती करणाऱ्याला विषय ऐकून माहीत होता, पण ग्रंथ पुढ्यात उघडा नव्हता. चुकीवरूनच माहितीचा रस्ता सापडतो तो असा. आणि हे सगळं ग्रीकमध्ये आहे. दमास्कसच्या मुसलमानासाठी ते लिहिलेलं नाही. वादात गडबडून जाणाऱ्या ख्रिस्ती माणसाच्या हातात तयार उत्तरं देण्यासाठी आहे.

टिमथी पहिला याची गोष्ट वेगळी. तोही पूर्वेकडच्या चर्चचा प्रमुख, ७८० ते ८२३, गादी बगदादला. खलिफा अल-महदीसाठी त्यानं ॲरिस्टॉटलचा एक ग्रंथ अरबीत करवून दिला होता. म्हणजे दरबारात ऊठबस होती. ७८१च्या सुमारास खलिफानं त्याला दोन दिवस प्रश्न विचारले आणि टिमथीनं तो संवाद सिरियाक पत्रातून एका ओळखीच्या माणसाला कळवला. महंमदांबद्दल तुझं काय म्हणणं, या प्रश्नावर तो म्हणतो की ते सर्व स्तुतीला पात्र आहेत, संदेष्ट्यांच्या वाटेनं ते चालले. कारण त्यांनी लोकांना एका देवाकडं वळवलं, वाइटापासून दूर नेलं, मूर्तिपूजेतून सोडवलं. मग खलिफा म्हणतो, तर मग त्यांचं म्हणणं मान्य कर. तिथं टिमथी सरकत नाही, त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) मुद्द्यावर परत येतो. 'संदेष्ट्यांच्या वाटेनं चालले' आणि 'संदेष्टे होते' यांत त्यानं जपून अंतर ठेवलंय. खलिफासमोर खोटं न बोलता आणि आपली श्रद्धा न सोडता बोललेलं हे वाक्य आहे. त्याची तोलूनमापून केलेली रचना मला फार मोलाची वाटते.

शेवटी मोत्याचा दृष्टान्त येतो. रात्री अंधाऱ्या घरात मोती पडला. सगळे चाचपडतात. एकाच्या हाती मोती लागतो, बाकीच्यांच्या हाती काचा आणि खडे. पण जो तो समजतो की मोती आपल्याच मुठीत आहे. उजाडल्यावर काय ते कळेल. मात्र एक ध्यानात ठेवायचं. हा संवाद टिमथीच्या लेखणीतून आलाय. खलिफानं काय विचारलं तेही टिमथीच सांगतो, आणि त्याच्या कथनात टिमथी कधी निरुत्तर होत नाही. दरबारात टिपून घेतलेली ही नोंद नव्हे. पण मुसलमान राजवटीत राहणाऱ्या ख्रिस्ती वाचकाला 'असं बोलावं' म्हणून दिलेला हा धडा आहे, आणि तसा वाचला तर तो सोन्यासारखा आहे.

आता पश्चिमेकडं. शेजार असला की माहिती आपोआप येते असं आपण धरून चालतो. नवव्या शतकातलं, स्पेनमधल्या मुसलमान राजवटीतलं कॉर्डोबा हे त्याला सणसणीत उत्तर आहे. ८५० ते ८५९ या काळात तिथं पन्नासच्या आसपास ख्रिस्ती माणसांना मृत्युदंड झाला. अनेकांनी मुद्दाम उघडपणे पैगंबरांची निंदा केली होती. स्थानिक चर्चमधल्या बऱ्याच जणांना हे पसंत नव्हतं, नसती आफत ओढवून घेणं वाटत होतं. युलोगियस हा पाद्री मारल्या गेलेल्यांच्या बाजूनं लिहायला बसला आणि ८५९मध्ये तोही मारला गेला. त्याच्या लेखनाचं लक्ष्य मुसलमान नव्हते, हे हुतात्मे नव्हेत म्हणणारे ख्रिस्ती लोक होते. पैगंबरांचं चरित्र त्यानं कुठून घेतलं? गल्लीत अरबी बोलणारे हजारो असताना, उत्तरेच्या ख्रिस्ती मुलखात पाम्प्लोनाजवळच्या लेइरे मठात सापडलेल्या एका छोट्या लॅटिन टिपणातून. ते टिपण विकृत आहे. शेजाऱ्याला विचारता आलं असतं, पण त्याला माहिती हवी नव्हती, पुरावा हवा होता. त्याचा मित्र अल्वारस ८५४मध्ये तक्रार करतो की आपली तरुण मुलं अरबी काव्यात रमलीत आणि हजारात एकालाही धड लॅटिन पत्र लिहिता येत नाही. खरी भीती ही होती.

आणखी उत्तरेला, जिथं मुसलमान दिसतच नव्हते, तिथं कल्पनेला मोकळं रान मिळालं. रोलां या सरदाराच्या पराक्रमाचं फ्रेंच वीरगीत साधारण ११००च्या आसपासचं. ऑक्सफर्डच्या हस्तलिखितात त्याच्या सुमारे ४,००० ओळी आहेत. त्यातले सॅरासेन (युरोपात मुसलमानांना दिलेलं नाव) तीन मूर्ती पुजतात, त्यांतली एक अपोलोची, आणि हरल्यावर त्याच फोडतात. मूर्ती निषिद्ध मानणाऱ्या धर्माबद्दल हे लिहिलंय! हे अज्ञान आहेच, पण नुसतं अज्ञान नाही. गीताच्या श्रोत्याला 'मूर्तिपूजक शत्रू' हे पात्र रोमन काळातल्या हुतात्म्यांच्या कथांतून पाठ होतं. गायकानं तेच पात्र पुन्हा उभं केलं. म्हणून हे गीत 'युरोपला इस्लामबद्दल काय माहीत होतं' याचा पुरावा म्हणून कधीही वापरू नये. सभेत काय चालत होतं याचा पुरावा म्हणून वापरावं. त्याच काळात जाणकार लोक वेगळं लिहीत होतेच. माम्सबरीचा विल्यम ११२५च्या सुमारास सांगतो की सॅरासेन एकच देव मानतात आणि महंमदांना देव नव्हे, पैगंबर समजतात. फ्रायझिंगचा बिशप ऑटो, ११४०च्या दशकात, एक हुतात्म्याची कथा देतो, ज्यात मूर्ती फोडल्या म्हणून ख्रिस्ती बिशपला मारतात. लगेच पुढं लिहितो की यावर विश्वास ठेवणं अवघड आहे, कारण सॅरासेन एकाच देवाला भजतात हे सगळ्यांना माहीत आहे.

पहिल्या धर्मयुद्धाचा इतिहास लिहिणारा नोजांचा गिबेर तर सगळ्यांत स्पष्ट बोलतो. ११०८च्या सुमारास पैगंबरांविषयी ऐकीव मजकूर देताना तो कबूल करतो की याला लेखी आधार आपल्याला सापडलेला नाही. मग पुढं म्हणतो, ज्याची दुष्टता कुठल्याही निंदेपेक्षा मोठी आहे त्याच्याबद्दल वाईट बोलण्यात धोका नाही. संपूर्ण पद्धत त्यानं एका वाक्यात उघड केली: बाजू योग्य असली की पुरावा तपासायची गरज नाही. (त्या निंदेचा मजकूर मी मुद्दाम देत नाही. मुद्दा समजायला तो लागत नाही आणि त्याचा गैरवापर करणारे आजही आहेत.)

बाराव्या शतकाच्या मध्यावर मोठं वळण आलं, ते फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठातून. मठाधिपती पीटर ११४२मध्ये स्पेनला गेला. तिथं एब्रो नदीच्या भागात दोन पंडित त्याला भेटले: इंग्लंडमधल्या केटनचा रॉबर्ट आणि कॅरिंथियाचा हर्मन. दोघंही अरबी शिकले होते ते खगोल आणि गणितासाठी. धर्माशी त्यांना कर्तव्य नव्हतं. पीटरनं भरपूर मोबदला देऊन त्यांना कुराण आणि इतर ग्रंथांच्या भाषांतराला लावलं. टोलेडोच्या पीटरकडं अल-किंदीच्या नावानं चालणारा, अरबी ख्रिस्ती माणसानं लिहिलेला वादग्रंथ सोपवला; त्याची लॅटिन कच्ची म्हणून पॉयतिएचा पीटर ती घासूनपुसून द्यायला. महंमद नावाचा एक मुसलमानही मदतीला होता. ११४३मध्ये रॉबर्टचं कुराण पुरं झालं. लॅटिनमधलं हे पहिलं संपूर्ण कुराण.

हे भाषांतर वाचताना काय अडतं ते नीट सांगतो. रॉबर्ट शब्दाला शब्द देत नाही. मूळची तुटक, जोरकस वाक्यं तो लांब, पल्लेदार लॅटिन वाक्यांत ओवतो. मोठ्या सूरा तो आणखी भागांत तोडतो, त्यामुळं आपल्याला माहीत असलेले ११४ आकडे जुळत नाहीत. आयतांचे क्रमांक नाहीतच. आणि जिथं मूळ शब्द अवघड, तिथं मुसलमान भाष्यकारांनी दिलेला अर्थ तो सरळ मजकुरात घालतो, कुठलीही खूण न करता. फार दिवस यामुळं हे भाषांतर 'बेजबाबदार' म्हणून हिणवलं गेलं. पण जवळून पाहिलं तर उलटं चित्र दिसतं. भाष्याचा अर्थ घालायचा तर भाष्य वाचायला, निदान जाणकाराला विचारायला लागतं. मुसलमान स्वतः तो मजकूर कसा समजतात हे जाणून घेण्याचा कष्ट या माणसानं घेतला. दुसरीकडं, क्लूनीच्या प्रतीत समासात लिहिलेल्या टिपा पाहा. त्या वाचकाला सारखं बजावतात की हे बघ किती असंबद्ध, हे बघ कसं खोटं. एकाच पानावर मधला मजकूर समजून घेतोय आणि कडेचा मजकूर भांडतोय. छापील उताऱ्यात हा समास गळून जातो, म्हणून हस्तलिखिताचं छायाचित्र मिळालं तर ते जरूर उघडावं.

टोलेडोचा मार्क यानं १२१०च्या सुमारास दुसरं भाषांतर केलं. ते जवळजवळ शब्दशः आहे, आजच्या अभ्यासकाला जास्त सोयीचं. पण चाललं रॉबर्टचंच. त्याच्या सुमारे २४ हस्तलिखित प्रती उरल्यात, मार्कच्या मोजक्याच. वाचायला सुरस होतं, शिवाय क्लूनीचं नाव पाठीशी होतं.

मठाधिपती पीटरचा स्वतःचा ग्रंथ याहून महत्त्वाचा आहे. तो मुसलमानांना उद्देशून म्हणतो की मी तुमच्याकडं आमचे लोक येतात तसा शस्त्रं घेऊन आलेलो नाही, शब्द घेऊन आलोय. बळानं नव्हे, विवेकानं. द्वेषानं नव्हे, प्रेमानं. दुसरं धर्मयुद्ध घडून गेलं त्याच काळातलं हे वाक्य आहे, त्याचं मोल कमी करायचं कारण नाही. पण ते लॅटिनमध्ये आहे. कोण मुसलमान वाचणार होता? पीटरला हे कळत होतं. त्यानं लिहून ठेवलंय की मुसलमानांचा उपयोग झाला नाही तरी चर्चमधल्या दुबळ्या मनांना आधार होईल, आणि ख्रिस्ती ग्रंथभांडारात शस्त्र तयार राहील. संशयाची, प्रेमाची, युद्धाची अशी तिन्ही भाषा एकाच माणसाच्या तोंडी आहे, आणि तो प्रामाणिक आहे.

इथं एक आणखी गाठ सोडवायची. याच दशकांत टोलेडोत क्रेमोनाचा जेरार्ड सत्तरहून जास्त अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये आणत होता. इब्न सीनाचा वैद्यकग्रंथ त्यातलाच. ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस ॲक्वायनस ॲरिस्टॉटलवर भाष्य लिहिणाऱ्या इब्न रुश्दला नुसतं 'भाष्यकार' म्हणतो, दुसऱ्या नावाची गरज त्याला वाटत नाही. तोच ॲक्वायनस पैगंबरांबद्दल लिहितो तेव्हा ऐकीव, ठरीव आरोपांवर भागवतो. इटालियन कवी दान्तेनं आपल्या काव्यात सुलतान सलादिन, इब्न सीना आणि इब्न रुश्द यांना नरकाच्या बाहेरच्या कडेला, यातना नसलेल्या जागी ठेवलंय. पैगंबरांना मात्र खोल नरकात. एका डोक्यात दोन फडताळं होती: एकात 'अरबांचं' ज्ञान, दुसऱ्यात 'सॅरासेनांचा' धर्म. दोन्हींत येजा फारच कमी. 'त्यांनी अरबी विज्ञान घेतलं म्हणजे इस्लामबद्दल आदर होता' हा निष्कर्ष म्हणूनच टिकत नाही.

संत फ्रान्सिस असिसीकर १२१९मध्ये इजिप्तमधल्या दमिएत्ताच्या वेढ्यात सुलतान अल-कामिलला जाऊन भेटला, ही भेट खरी. त्यात काय बोलणं झालं याच्या नंतरच्या कथा सांभाळून घ्याव्यात. मायोर्काचा रामोन युल अरबी शिकला, वादाची पुस्तकं लिहिली. त्याच्या एका ग्रंथात तीन धर्मांचे तीन पंडित एका निधर्मी माणसाला आपापलं म्हणणं सांगतात आणि त्यानं कुठला धर्म निवडला ते वाचकाला सांगितलंच जात नाही. त्याच्याच आग्रहातून १३११-१२च्या, फ्रान्समधल्या व्हिएनच्या चर्च परिषदेत पॅरिस, ऑक्सफर्ड, बोलोन्या, सालामांका इथं हिब्रू, अरबी वगैरे भाषा शिकवायचा ठराव झाला. अंमलबजावणी जवळपास झाली नाही.

माझ्या मते सगळ्यांत अस्वस्थ करणारा लेखक रिकोल्दो, फ्लोरेन्सचा डॉमिनिकन संघाचा संन्यासी. १२९०च्या आसपास तो बगदादला पोचला, मदरशांत गेला, मुसलमानांच्या घरी जेवला. १२९१मध्ये पूर्वेतलं धर्मयोद्ध्यांचं शेवटचं मोठं ठाणं आक्रा पडल्याची बातमी तिथंच आली आणि लुटीतून आलेले चर्चचे ग्रंथ नि वस्त्रं त्यानं बाजारात विकायला आलेली पाहिली. त्यानं देवाला, मरियमला, संतांना उद्देशून पत्रं लिहिली: आम्ही हरतोय, तुम्ही गप्प का? प्रवासवर्णनात मात्र तो मुसलमानांची अभ्यासाची ओढ, प्रार्थनेतली तन्मयता, गरिबांविषयी दया, देवाच्या नावाचा आदर, चालण्याबोलण्यातलं गांभीर्य, परक्यांशी आपुलकी, आपसातला एकोपा असं एकेक करून वाखाणतो. का सांगतो तेही लिहितो: ख्रिस्ती लोकांना लाज वाटावी म्हणून. पुढं त्यानंच कुराणावर कडक टीकाग्रंथ लिहिला, जो ग्रीकमध्ये गेला आणि १५४२मध्ये मार्टिन ल्यूथरनं जर्मनमध्ये आणला. स्तुती फारशी कुणी वाचली नाही, टीका सगळीकडं गेली. त्यानं वापरलेलं अरबी कुराण पॅरिसला आहे, समासात त्याच्या लॅटिन टिपांसह.

या सगळ्या ग्रंथांतून एक गोष्ट जवळजवळ दिसत नाही: रोजचं जगणं. स्ट्रासबुर्गचा बुर्खार्ड ११७५मध्ये सलादिनकडं वकील म्हणून गेला. दमास्कसजवळ सैदनायाच्या मठात मरियमच्या चित्राला ख्रिस्ती लोकांबरोबर मुसलमानही नमस्काराला येतात, ही त्यानं जाता जाता केलेली नोंद. अशा ओळी मी सगळ्यांत आधी खुणा करून ठेवतो, कारण त्या कुठलाही मुद्दा सिद्ध करायला लिहिलेल्या नसतात. कोल्हापुरात मोहरमला तालमीतालमीतून पंजे बसतात आणि त्यांत हिंदू घरांचा हात असतो, हे धर्मचर्चेच्या ग्रंथांवरून कुणाला कधी कळलं असतं का?

वाचायला सुरुवात करायची असेल तर इंग्रजी भाषांतरांवर भागवावं लागतं, त्याला इलाज नाही. टिमथीचा संवाद आधी घ्यावा. तो लहान आहे आणि अडत नाही. मग दमास्कसच्या जॉनचं प्रकरण, पानं थोडीच आहेत, पण कुराणाचं भाषांतर शेजारी उघडं ठेवून. त्यानंतर क्लूनीचा पीटर, आणि मग रिकोल्दोचं प्रवासवर्णन नि पत्रं. टीकाग्रंथ सगळ्यांत शेवटी. रोलांचं गीत मधेच कुठंही चालेल. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलनं चार गोष्टी लिहाव्यात: कोणती भाषा, कुठलं गाव आणि तिथं राज्य कुणाचं, माहिती पाहून की ऐकून की वाचून, वाचक कोण. 'महोमेत', 'महुमेत', 'माथोमुस' अशी रूपं दिसली की ती नोंदवावीत. नाव कुठल्या वाटेनं आलं याचा माग त्यातून लागतो.

रॉबर्टचं कुराण पाहायचं तर १५४३ची बाझेलची छापील आवृत्ती इंटरनेटवर फुकट मिळते. छापणाऱ्या ओपोरिनुसला त्यापायी आदल्या वर्षी तुरुंगात जावं लागलं होतं आणि ल्यूथरनं शब्द टाकल्यावर ती बाहेर पडली. तिच्यात सूरा शोधताना क्रमांकावर विसंबू नये, विषयावरून शोधावं: युसुफची कथा, गुहेतले झोपलेले तरुण, मरियम, अशी ठळक ठिकाणं आधी पकडून मग मागंपुढं सरकावं. आणि रॉबर्टच्या चुका मोजण्याआधी १४५५-५६च्या हिवाळ्यात सेगोव्हियाच्या हुआन या स्पॅनिश धर्मपंडितानं सव्हॉयमधल्या एका खेड्यात सेगोव्हियाचा मुसलमान विद्वान ईसा याला बोलावून काय मांडलं होतं ते वाचावं. अरबी, स्पॅनिश, लॅटिन असं तीन भाषांतलं ते कुराण हरवलंय, पण हुआनची प्रस्तावना शिल्लक आहे, आणि रॉबर्टवरचे नेमके आक्षेप तिच्यात आहेत.